टिकल्याची डोणी

मित्रांनो, कुरवंड्याच्या वरच्या वाडीत, नागफणीच्या सुळक्याकडे तोंड केलेलं एक दगड-मातीचं घर आहे. त्याच्या भिंतीलगत एक काळा दगड पालथा पडलेला तुम्हाला दिसेल. ती मी. नुसता दगड म्हणून सोडून देऊ नका, मी डोणी आहे. डोणी म्हणजे जनावराला खायला-प्यायला घालायचं दगडी भांडं. पालथी असल्यामुळे माझं पोट तुम्हाला दिसत नाही, आणि ते न दिसलेलंच बरं.

खरं म्हणजे मी डोणी व्हायचीच नव्हते. गेणू पाथरवट माझं उखळ करायला बसला होता. चार दिवस त्याने टाकीचे घाव घातले आणि पाचव्या दिवशी माझ्या अंगात एक चीर उघडी पडली. चिरलेलं उखळ मुसळाच्या चार घावांत फुटतं. गेणूने दोन शिव्या हासडल्या, मला उथळच ठेवलं आणि "कुत्र्या-मांजराला व्हईल," म्हणून सरुबाईच्या दारात आणून टाकलं. अशी मी जन्मले. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. ती चीर मात्र ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी गाठ आहे.

सरुबाई म्हणजे या घरची बाई. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि त्याच तापाने तिचे कानही गेले. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात तिचा धाकटा दीर महिपती आणि जाऊ बयाबाई राहत. महिपती मनाने वाईट नव्हता. दर वर्षी पावसाळ्याआधी स्वतःच्या घराच्या आधी वहिनीचं घर शाकारून द्यायचा. सरुबाईने आठ शेळ्या आणि थोड्या कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांच्यावर तिचं चाललं होतं. आता बहिऱ्या बाईने डोंगराच्या कडेला शेळ्या राखायच्या म्हणजे काय, याचा तुम्हीच विचार करा. मागे झुडपात पाचोळा वाजला, शेळी ओरडली, तरी तिला पत्ता लागणार नाही.

म्हणून तिच्याजवळ पवळी होती. पवळी ही लालसर रंगाची कुत्री. रानात काही हललं की ती भुंकत बसायची नाही, सरळ धावत येऊन सरुबाईचा पदर दातांत धरून ओढायची. ज्या बाजूला ओढील त्या बाजूला संकट, एवढं सरुबाईला कळायचं. त्यामुळे ती डोंगराकडे खुशाल पाठ करून चुलीपाशी बसे. माझ्यात पवळीची भाकरी पडे आणि पवळी मला चाटूनपुसून लख्ख करी. ते माझे सुखाचे दिवस होते.

घाटात विजेवरची गाडी धावायला लागली, त्याच्या चार-पाच वर्षांनंतरची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास बिबळ्याने वाडीतली दोन कुत्री लागोपाठ उचलली आणि तिसरी पवळी नेली. पवळीला पिल्लं झाली होती, त्यांतलं एकच जगलं होतं. तीन आठवड्यांचं, पांढरं, कपाळावर रुपयाएवढा काळा टिळा. सरुबाईने त्याला टिकल्या म्हणायला सुरुवात केली. त्या दिवसापासून सरुबाई भिंतीला पाठ लावून बसायला लागली. भाकरी थापतानासुद्धा चूल सोडून मधूनमधून डोंगराकडे बघायची. टिकल्या जगला तर तिला पुन्हा कान येणार होते, आणि नाही जगला तर शेळ्या राखणं बंद. एवढं सगळं त्या ओंजळभर जिवावर होतं.

आणि त्या जिवाचं पोट काही केल्या ठीक राहीना.

आईचं दूध तुटलेलं, मग काय, वाडीला पाझर फुटला. बयाबाईने म्हशीचं सायीसकट दूध आणून माझ्यात ओतलं. कुणी गूळ कुस्करून घातला. दिवाळीत पोरांनी करंजीचे तुकडे टाकले. मित्रांनो, एक सांगते. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यात कुणी रागाने काही टाकलं नाही. जो आला तो मायेनेच घालून गेला. आणि टिकल्या तर काय, दिसेल ते खाणारा. खायचा, पोट नगाऱ्याएवढं फुगायचं आणि मग दिवसभर अंगणात पिवळं पाणी. शेपटी घाण, डोळे खोल गेलेले, उचलला तर कातडी हातात यायची. बयाबाईने वावडिंगाचं पाणी पाजलं, कुणी पोटावर हिंग लावला. दूध मात्र चालूच, कारण लेकराला दूध बाधतं ही गोष्टच कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

दिवाळी झाल्यावर युनूस आला. युनूस लोणावळ्याला एका साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकी होता. आठवड्यातून एकदा तो सरुबाईकडून अंडी न्यायला डोंगर चढून येई. साहेबाची पाच कुत्री होती आणि त्यांचं खाणंपिणं युनूसकडेच होतं. त्याने टिकल्याला पालथा करून पोट चाचपलं, घाण बघितली आणि सरुबाईच्या तोंडासमोर उकिडवा बसून, हातवारे करत, नागफणीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायला लागला.

"मावशी, दूध बंद! समदं दूध बंद. म्हशीचं न्हाई, शेळीचं न्हाई."

"आन मग खाईल काय रं?" सरुबाई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार हळू बोलायची.

"आज निसतं उकळून गार केलेलं पानी. सांजच्याला भाताची पेज, पातळ, बिनमिठाची. थोडी थोडी, दिसातून पाच डाव. पोट ठरलं की एक नवी चीज द्यायची. एकच! मग चार दिस बघायचं. सोसली तर ठेवायची, न्हाई सोसली तर तोडायची."

मग त्याने बोट उगारलं. "आन कांदा-लसूण दाखवायचा पन न्हाई. आमच्या बंगल्यात एक कुत्री कांद्याचा रस्सा चाटून गेली. चवथ्या दिवशी लाल लघवी झाली, आन मेली. साहेब मला घालवून द्यायला निघालता."

सरुबाईने त्याचे ओठ नीट बघून घेतले. कांदा-लसणावर ती हसली. खंडोबा कुलदैवत असलेल्या या घरात चातुर्मास पाळत, तेव्हा कांदा, लसूण, वांगं यांतलं काही चार महिने चुलीजवळसुद्धा येत नसे. ते तोंडाला लागायचं ते चंपाषष्ठीलाच. त्यामुळे ती भीती तिला दूरची वाटली. मलाही वाटली.

तिने पेज सुरू केली. पण तीन दिवस झाले तरी हगवण थांबेना. सरुबाई रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी युनूस मुद्दाम वाट वाकडी करून आला. त्याने माझ्यात नाक घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"मावशी, ही डोणीच आंबलीया!"

शरम म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. माझ्या चिरीत तीन आठवड्यांचं दूध मुरून सडलं होतं. वर पेज स्वच्छ आणि खाली मी तिला नासवत होते. सरुबाईने मला राखेने आणि काथ्याने घास घास घासलं, आधणाचं पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात उभं करून ठेवलं. चीर चुन्याने बुजवली. त्यानंतर प्रत्येक वेळी आधी मला धुऊन, मग हुंगून, मगच पेज ओतायची. दगडाला कुणी इतकं जपलेलं मी ऐकलं नाही.

आणि टिकल्याचं पोट ठरलं.

मग एकेक नवी चीज. सरुबाईला लिहिता येत नव्हतं. ती माझ्या काठावर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. चार रेघा झाल्या आणि अंगण कोरडं राहिलं की पुसून टाकायची. नाचणीची आंबील सोसली. उकडलेल्या अंड्याचा बलक सोसला. मध्ये एकदा बयाबाईच्या आग्रहाने तिने चमचाभर शेळीचं दूध देऊन बघितलं, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाणी. तेव्हा दूध याच्या जन्मात नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. वाडीतल्या पोरांना तिने हात जोडून सांगितलं, "माझ्या टिकल्याला कायबी घालू नगा रं." पोरंही गुणाची, दुरूनच खेळवायची.

तीन आठवड्यांत टिकल्याच्या बरगड्या झाकल्या. अंगावर केस आले. एके दिवशी सकाळी सरुबाई शेळ्यांच्या खाली लोटत होती आणि एक करडू कुंपणाबाहेर निसटलं. टिकल्या धावत आला आणि त्याने तिचा पदर दातांत धरून ओढला. कुणी शिकवलं नव्हतं. सरुबाई खराटा टाकून खाली बसली आणि त्याला छातीशी धरून रडली. दुसऱ्या दिवशी ती कितीतरी आठवड्यांनी डोंगराकडे पाठ करून चुलीपाशी बसली. मला फार बरं वाटलं. आपल्याला नशिबाने शेवट गोड दिला असं मी समजले. दगडाला अक्कल थोडी, दुसरं काय.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली.

महिपती सहा दिवस खंडोबाचा उपास धरायचा. सहाव्या दिवशी भावकीतली पाचही घरं त्याच्या अंगणात जमत. तळी भरायची, येळकोट करायचा, देवाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत दाखवायचं. भरतात कांद्याची पात आणि ठेचलेला लसूण भरपूर, कारण चार महिन्यांचं व्रत त्याच घासाने सुटायचं. आणि या घराची रीत अशी, की तो घास आधी कुत्र्याने खायचा. कुत्रा खंडोबाचा. त्याने तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, पोरांनीसुद्धा नाही. इतकी वर्षं वाडीत तीन-चार कुत्री असत. त्या वर्षी बिबळ्याच्या कृपेने एकच उरलं होतं.

मला उचलून महिपतीच्या अंगणात नेऊन ठेवलं. मी हळद-भंडाऱ्याने पिवळी झाले. टिकल्या सरुबाईच्या काखेत होता.

"भावजी, ह्याला कांदा-लसूण सोसत न्हाई," सरुबाई तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. "निस्ता रोडगा देती. न्हाईतर खालनं गावातनं दुसरं कुत्रं आना."

महिपती सहा दिवसांचा उपाशी होता. त्याने रागावून नाही, समजावून सांगितलं. तिला दिसावं म्हणून तोंड समोर आणून सांगितलं. "वैनी, देवानं घरात कुत्रं दिलंय आन मी भाईरचं आनू? देवाला अर्दं ताट दावू? परसाद हाय त्यो. परसादानं कुनाचं पोट बिगडतं व्हय?"

सरुबाईने आजूबाजूला बघितलं. पंधरा-वीस माणसं, भुकेने कोमेजलेली पोरं, सगळ्यांचे डोळे तिच्या काखेकडे. कुणाचा शब्द तिला ऐकू येत नव्हता, पण चेहरे वाचता येत होते. बयाबाईचं धाकटं पोर रडत होतं. याच महिपतीने तिचं घर शाकारलं होतं. आणि देवाची भीती तिलाही होतीच की. तिने रोडग्याचा तुकडा मोडला, बोटाच्या टोकाएवढं भरीत लावलं आणि स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवलं. टिकल्याने एका घासात गिळलं आणि शेपटी हलवली. येळकोटाचा गजर झाला. सरुबाईने टिकल्याला उचलायला हात पुढे केला, तोवर बायकांनी हसत तिचा दंड धरून तिला पंगतीत नेऊन बसवलं. ती माझ्याकडे पाठ करून बसली. मागे टिकल्या आहे म्हटल्यावर पाठ करायची आता तिला सवय झाली होती.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी ऐकलं आणि तिने ऐकलं नाही. प्रत्येक घराचा नैवेद्य वेगळा होता. प्रत्येक घराला आपला घास देवाच्या कुत्र्याने खाल्लेला हवा होता. एकामागून एक पाच ताटं माझ्यात खरवडली गेली. पाच वेळा पितळ दगडावर वाजलं. महिनाभर पेज आणि आंबील खाल्लेला तो पोरगा, त्याला ते तेलकट, खमंग भरीत म्हणजे काय वाटलं असेल! माझ्या चिरीतला चुनासुद्धा त्याने चाटून काढला. मी ओरडायचं म्हटलं तर मला तोंड एकच, आणि ते त्याने भरलेलं.

सरुबाई जेवून उठली तेव्हा मी लख्ख होते. तिला वाटलं, तिने ठेवला तेवढाच घास होता.

संध्याकाळी टिकल्या ओकला. त्यात कांद्याची हिरवी पात होती, तिच्या एका घासापेक्षा पुष्कळ जास्त. सरुबाईने बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या गळाला. तरी ती लगेच कामाला लागली. उकळलेलं पाणी, मग पेज. दुसऱ्या दिवशी हगवण, तिसऱ्या दिवशी जरा बरा. माझ्या काठावर तिने पुन्हा रेघा ओढायला घेतल्या. तिसरी रेघ ओढताना तिचा चेहरा थोडा सैल झाला होता. मला वाटलं, एवढ्यावर निभावलं.

चौथ्या दिवशी सकाळी टिकल्या अंगणाच्या कोपऱ्यात लघवीला बसला आणि सारवलेली जमीन तांबडी झाली.

सरुबाई शेळ्या तशाच सोडून लोणावळ्याला गेली. युनूस हातातलं काम टाकून तिच्याबरोबर आला. त्याने टिकल्याचा ओठ वर केला. आतलं मांस गुलाबी असतं, ते कागदासारखं पांढरं पडलं होतं. टिकल्या पळून आल्यासारखा धापा टाकत होता आणि जागचा हलला नव्हता. युनूसने ओठ हळूच खाली सोडला. त्या दिवशी तो ओरडला नाही, हातवारेही केले नाहीत. अगदी हळू म्हणाला, "मावशी, आता न्हाई काय." तिला ऐकू गेलं नाही, पण समजलं.

महिपती आला. त्याने टिकल्याच्या कपाळाला भंडारा लावला.

पाचव्या दिवशी दुपारी टिकल्या गेला. सरुबाई मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पदराचं टोक त्याच्या दातांत होतं, ओढण्याचं बळ नव्हतं.

त्यानंतर सरुबाईने आठ दिवस पेज केली. रोज मला धुवायची, हुंगायची, पेज ओतायची. कावळे प्यायचे, राहिलेली आंबायची. नवव्या दिवशी तिने मला पालथं केलं.

पुढे महिनाभराने महिपती तळेगावच्या बाजारातून पोत्यात घालून एक पिल्लू घेऊन आला. चांगलं गुबगुबीत होतं. त्याने ते तिच्या पायाशी सोडलं आणि मान खाली घालून उभा राहिला. सरुबाईने पिल्लाला हातसुद्धा लावला नाही.

"न्या भावजी," ती म्हणाली. "मी बहिरी हाय. तुमाला तर ऐकू येत हुतं."

महिपतीने पिल्लू पुन्हा पोत्यात घातलं. त्यानंतर तो वहिनीच्या अंगणात मान वर करून कधी बोलला नाही. घर मात्र शाकारत राहिला.

माघात बिबळ्याने दोन शेळ्या नेल्या. भर दुपारी, तिच्यापासून वीस पावलांवर. उरलेल्या सहा तिने बयाबाईच्या कळपात सोडून दिल्या.

मित्रांनो, आता तुम्हाला काहीतरी चांगलं सांगून गोष्ट संपवावी, असं माझ्याकडे नाही. एवढंच सांगते. तुमच्या घरी एखादं पिल्लू असेल तर त्याचं भांडं रोज घासा, चिरीत बोट घालून घासा. त्याच्या भांड्यात माया ओतण्याआधी ती त्याला सोसते का ते बघा. आणि जो त्याला रोज भरवतो तो 'नको' म्हणाला, तर तो कितीही हळू आवाजात म्हणाला असेल, तरी ऐका. तुम्हाला कान आहेत.

सरुबाई आता माझ्यावर बसते. पालथी डोणी बसायला बरी पडते. पाठ भिंतीला लावायची, तोंड डोंगराकडे करायचं आणि दिवसभर बघत राहायचं. झाडीत काही हललं की मला आधी कळतं. पाचोळा वाजतो, वानर खाकरतं, मग सगळं रान गप्प होतं. मी सगळं ऐकते. पदर माझ्या अंगावरच पडलेला असतो. मला तो ओढता येत नाही.